दुसरं लेबल

दादा माझा सख्खा मोठा भाऊ, आणि त्याची नोकरी मी घालवली. आता सांगायला बसलोच आहे तर सरळ सांगतो.

आमच्या ऑफिसात औषधाच्या खोक्यातली माहितीपत्रकं तयार होतात. मूळ फाइल एकच. तिच्यातून स्क्रीनवरचं पान मी काढायचो, कागदावरचं दादा. फाइलमधल्या प्रत्येक परिच्छेदाला लेबल असतं, आणि कुठला परिच्छेद उचलायचा ते आम्ही संगणकाला आपापल्या संगणकी भाषेत एका ओळीत लिहून द्यायचो. माझ्या भाषेत एक टिंब आणि लेबलाचं नाव, की झालं. दादाच्या भाषेत तिरक्या रेघा, चौकटी कंस, अवतरणचिन्हं. मी चिडवायचो, "दादा, तुझा आपला सगळा द्राविडी प्राणायाम." तो म्हणायचा, "गप रे, शहाण्या."

मार्चमध्ये एका गोळीच्या पत्रकातला 'गरोदरपणी घेऊ नये' हा परिच्छेद स्क्रीनवर फिका दिसत होता. त्याच्या 'इशारा' या लेबलाशेजारी मी 'ठळक' असं दुसरं लेबल लावून टाकलं. माझी भाषा विचारते, लेबलांमध्ये 'इशारा' आहे का? होतं. दादाची ओळ विचारायची, लेबल फक्त 'इशारा' एवढंच आहे का? आता नव्हतं. परिच्छेद कागदावरून गळला. मूळ फाइल बदलली की दुसऱ्याच्या टेबलाशी जाऊन सांगायचं, हा आमचा नियम. दादा जेवायला गेला होता. आल्यावर सांगू म्हटलं, आणि राहिलं.

पत्रकं दुकानांत पोचली. एका औषधवाल्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. सगळा माल परत मागवावा लागला.

साहेबांनी दोघांना बोलावलं. "एकाच फाइलीतला तुकडा उचलायचा, तर दोन भाषा कशाला?"

प्रश्न सोपा होता आणि मला अक्कल पाजळायची हौस. मी सांगितलं, माझी भाषा पान स्क्रीनवर येता येता रंगवायला केलेली, म्हणून आखूड आणि झटपट. दादाची केली ती अख्खा दस्तऐवज हातात धरून त्यात वर-खाली हिंडायला, मोजायला, तंतोतंत ताडून पाहायला. गरजा वेगळ्या, त्या भाषा घडवणारी माणसं वेगळी, म्हणून खुणाही ज्याच्या त्याने ठरवल्या. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

"म्हणजे घोळ यांच्या भाषेत झाला," साहेब दादाकडे बघत म्हणाले.

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ओळ माझीच होती," एवढंच म्हणाला.

निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्याच आठवड्यात त्याला काढलं. वहिनी घरी आली. "भाऊजी, तुम्ही तरी साहेबांशी बोला. तुमचं ऐकतात ते." मी हो म्हटलं. गेलो नाही. भित्रा आहे मी, दुसरं काय.

त्याचं काम आता माझ्याच गळ्यात आलंय. काल त्याची फाइल उघडली. त्या ओळीच्या जागी हातभर लांब ओळ होती, कितीही लेबलं असोत, त्यातून 'इशारा' हुडकून काढणारी. वर दादाची टीप होती: 'धाकटा सांगायला विसरतो. इथून पुढे विसरला तरी अडणार नाही.' तारीख साहेबांनी बोलावलं त्याच्या आदल्या दिवसाची.

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज वहिनीचा फोन होता. "बोललात का साहेबांशी?" म्हणजे दुसरं लेबल कोणी लावलं, ते त्याने घरीही सांगितलेलं नाही.