छापलेली डॉर्कस

"...आणि दारूच्या गुत्त्याबाहेर, बर्फात, ती चिमुरडी आईची वाट पाहत बसली," मिस लेथमनी वाचलं, आणि दालनभर बायांचे हात थांबले.

शनिवारी दुपारी गिरणी सुटली की चॅपेलच्या या दालनात त्यांची बैठक भरे. चॅपेलकडून स्वस्तात कापड मिळायचं, ते शिवत बसायचं आणि गिरणीमालकांच्या मुलीनं, म्हणजे मिस लेथमनी, चार चांगल्या गोष्टी वाचून दाखवायच्या. केझाया ऑग्डेन तर ठरलेली रडणारी. खोटारडा पोरगा विहिरीत बुडाला, उधळी मोलकरीण भीक मागत मेली, ती सगळ्यांसाठी पोटातून रडली होती. छापलंय म्हणजे घडलंय, याची शंका तिथं कुणालाच कधी आली नव्हती. बायबल नाही का छापलेलं?

आजही तिनं डोळ्यांना एप्रन लावला होता. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "तिच्या एका पायात मेलेल्या बापाचा बूट होता, कापसाचे बोळे कोंबून बसवलेला."

केझायानं एप्रन डोळ्यांवरून खाली घेतला. अहो, हा बूट तिच्या नवऱ्याचा, आणि पाय तिच्या थोरलीचा, डॉर्कसचा! पुढं वाचलेलं जिन्यावरून गात उतरणं तिचं, शालीखाली आईच्या जेवणाचा डबा धरून येणंही तिचंच. पोर गेली तेव्हा मिस लेथम सूप घेऊन घरी आल्या होत्या, हात हातात धरून बसल्या होत्या, आणि केझायानंच त्यांना हे सगळं सांगितलं होतं. फक्त डॉर्कस बसली होती ती गिरणीच्या फाटकाशी. घंटा झाल्याशिवाय फाटक उघडायचं नाही असा मुकादमाचा हुकूम होता. त्या बर्फात तिला जो ताप भरला तो उतरलाच नाही.

आणि इथं गोष्टीत तिची आई आत गुत्त्यात झिंगून पडली होती.

गोष्ट संपली. कुणी केझायाकडे सरळ बघेना, पण बघत सगळ्याच होत्या. पलीकडच्या बाईनं आपली खुर्ची जराशी लांब घेतली.

"नॅन, ही माझी डॉर्कस गं," ती शेजारणीला म्हणाली.

"कळलं मला. सगळ्यांनाच कळलं." नॅननं आवाज खाली आणला. "पण तू त्या दिवशी गुत्त्यात होतीस होय गं?"

"गुत्त्यात? तुझ्या शेजारच्या मागावर होते मी, भवाने! बातमी आली तेव्हा तूच सावरलंस ना मला?"

"सावरलं खरं." नॅन बिचारी पार गोंधळून गेली होती. "पण छापलंय ना बाई."

केझाया उठली. मांडीवरचं शिवण खाली पडलं, तिच्या ध्यानातही आलं नाही.

"बाईसाहेब, मी दारूला कधी शिवलेसुद्धा नाही."

"मला का माहीत नाही ते?" मिस लेथम मायेनं म्हणाल्या. मनानं वाईट नव्हत्याच त्या. "तुझं नाव कुठं घातलंय मी? गोष्ट म्हटली की थोडं इकडचं तिकडं करावं लागतं. गिरणीच्या दाराशी बसली असं लिहिलं, तर त्यातून बोध कुणी घ्यायचा?"

"ज्यानं दार बंद ठेवलं, त्यानं."

मिस लेथमचा चेहरा लालबुंद झाला. बायांनी माना खाली घातल्या.

"तू दुःखात आहेस, म्हणून मनावर घेत नाही मी," त्या म्हणाल्या. "अगं, हे ऐकून परवा शेजारच्या गावात एका बाईनं नवऱ्याची बाटली फोडली. तुझ्या लेकीचं पुण्य आहे ते. आणि मरताना ती आईसाठी किती सुंदर प्रार्थना करते..."

"प्रार्थना नाही केली तिनं. भाजलेला बटाटा मागितला. मी तो चुलीतून काढेपर्यंत गेली. एवढं तरी तिचं तिला राहू द्या, बाईसाहेब. फाडून टाका ते."

"आता कसं फाडू? सकाळीच शाळेत मुलांना बक्षीस म्हणून वाटली हीच पुस्तकं."

शाळेत! केझाया तशीच निघाली. गल्लीतून जाताना तिच्या तोंडून एकच शब्द निघत होता, अरे देवा, अरे देवा. तिला आता एकच लेक उरली होती. धाकटी फीबी, त्याच शाळेत जाणारी.

फीबी उंबऱ्यावर बसली होती. डोळे रडून सुजलेले, बक्षिसाचं पुस्तक मांडीवर मिटलेलं.

"आई, खाली वाक ना."

पापा हवा असेल म्हणून केझाया वाकली. फीबीनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, नाक तिच्या ओठांजवळ आणलं आणि हळूच वास घेतला.

"नीट तोंड उघड ना, आई."

केझायानं तोंड उघडलं आणि पोरीचं समाधान होईपर्यंत तशीच वाकून उभी राहिली.