नऊ ट्रे सीतेची आसवं

टॅक्सी चांगी विमानतळावरून निघाली तशी अनुयाने पहिली चौकशी केली ती फुलांची.

"आली का रे?"

"आली की. तुझी लेक रोज मोजतेय," प्रबोध म्हणाला. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आणि हे बघ, अंकल को हॉस्पिटलमध्ये आहेत. शुक्रवारी नेलं. डेंग्यू झालाय."

वडिलांच्या ऑपरेशनसाठी अनुया तीन आठवडे साताऱ्याला होती. २००५ च्या त्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंगापूरभर डेंग्यूची साथ पसरली आहे, हे तिने तिकडेही वाचलं होतं. पण शेजारचे अंकल को आजारी पडतील असं तिच्या मनातही आलं नव्हतं. सत्तरीचे, बसचालक म्हणून निवृत्त झालेले, कधी साधा खोकला नाही.

क्लेमेंटीच्या त्या जुन्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावरचे फ्लॅट मोजकेच. प्रत्येकाच्या मागे दहा फुटांची मातीची पट्टी, मधे गुडघाभर उंचीचं कुंपण. बाकीचे तिथे मिरच्या लावत, स्वयंपाकात लागणारं सुवासिक पानांचं पांदान लावत. प्रबोध आंग मो किओच्या एका चिप कंपनीत इंजिनियर. चार वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर आली तेव्हा अनुया साताऱ्याच्या कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची नोकरी सोडून आली होती. तिला त्या पट्टीत माळ हवा होता. साताऱ्याच्या वरचा, काळ्या कातळावर दोन बोटं माती आणि तिच्यात चार महिने एकामागून एक रानफुलं, तसला माळ. रीतसर परवाना काढून तिने बी मागवलं. पहिल्या वर्षी गवताखेरीज काही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी सोनकी आणि कवळा आले, पिवळेधमक. शेजारच्या आंटी को कुंपणापाशी येऊन, तिथल्या सवयीचा 'लाह' जोडत म्हणाल्या, "हे तर तण आहे, लाह." अंकल को मात्र रोज संध्याकाळी स्टूल घेऊन बसत आणि तिला 'टीचर' म्हणत.

सीतेची आसवं काही केल्या येईनात. थेंबाएवढं जांभळं फूल, पण त्याला पायाशी सतत पाणी लागतं. कातळावरून झिरपतं तसं, नखाएवढ्या जाडीचं. तीन वर्षं बी कुजलं. मग अंकलनीच कुठून तरी उथळ प्लॅस्टिकचे नऊ ट्रे आणले आणि करवतीने त्यांच्या कडा नीट कापून दिल्या. मुरूम, शेवाळ आणि वर पाण्याचा पातळ पापुद्रा. दिवसाआड पाणी ओतून टाकायचं, ट्रे पुसायचा, नवं घालायचं. हा नियम अनुयाने स्वतः कधी मोडला नव्हता. साताऱ्याला जाताना तो कागदावर लिहून फ्रिजला चिकटवूनही गेली होती.

घरी पोचल्यावर चपला न काढताच ती मागे गेली.

फुलं खरंच आली होती. हिरव्या शेवाळावर जांभळे ठिपके, प्रत्येकाच्या मधोमध पांढरी रेघ. तिने हात पुढे केला आणि तसाच थांबवला. ट्रे काठोकाठ भरलेले होते. फुलांचे देठ निम्मे पाण्यात. आणि त्या पाण्यात काहीतरी वळवळत होतं.

तिने पिशवीतून भिंग काढलं. ट्रेवर ओणवी होऊन बराच वेळ पाहत राहिली. पाण्याच्या पृष्ठभागाला तिरक्या लोंबकळलेल्या अळ्या, शेपटीकडची श्वासनळी आखूड आणि जाड. कॉलेजात तिने मुलांना हे शिकवलं नव्हतं, पण गेले सहा महिने सिंगापूरच्या प्रत्येक लिफ्टमध्ये डेंग्यूच्या डासाच्या अळीचं हेच चित्र लावलेलं होतं.

"प्रबोध."

तो दारात आला. तिचा चेहरा पाहून त्याला काय ते कळलं.

"दिवसाआड ओतून टाकायचं होतं," ती म्हणाली.

"दोन आठवडे फॅक्टरीत नुसता गोंधळ होता गं. घरी यायलाच नऊ वाजायचे. वाटलं, एकदाच भरून ठेवू, सुकणार तरी नाहीत."

"कधी भरलेस?"

तो आठवू लागला. "तू गेल्यावर... तीन-चार दिवसांनी."

तिने मनातल्या मनात दिवस मांडले. आठवड्याभरात अळीचा डास. मग चावा. मग पाच-सहा दिवसांनी ताप. अंकलना ताप भरला एकतीस तारखेला. कुठेही मांडणी चुकत नव्हती.

"ओतून टाक सगळं," प्रबोध म्हणाला. "आत्ताच. उद्या आपल्या ब्लॉकमध्ये तपासणी आहे, लिफ्टपाशी नोटीस लागलीय."

दोघांनी मिळून, फुलं न हलवता, नऊही ट्रेंमधलं पाणी तापलेल्या सिमेंटवर ओतून दिलं. अळ्या क्षणभर वळवळल्या आणि थंड पडल्या. पाच मिनिटांत सिमेंट कोरडं झालं. जाई खिडकीतून पाहत होती. "आई, व्हाय यू थ्रो?" तिने विचारलं. अनुयाने ट्रे उचलून परत जागेवर मांडायला घेतले.

सोमवारी सकाळी दहाला दोन अधिकारी आले, एक मलय बाई आणि एक तरुण चिनी माणूस. ते आधी अनुयाकडे आले. फुलदाण्या पाहिल्या, बाथरूममधल्या बादल्या पाहिल्या. मागच्या पट्टीत त्या बाईने ट्रेवर टॉर्च मारला.

"यांत पाणी असतं?"

"फक्त ओल ठेवते," अनुया म्हणाली. त्या घडीला ते खरं होतं.

"आधी कधी पाणी साचलं होतं?"

अनुयाच्या मागे प्रबोध उभा होता. ऑफिसला उशीर करून तो मुद्दाम थांबला होता. त्यांचा पीआरचा, म्हणजे कायम रहिवासाचा अर्ज दोन महिन्यांपासून सरकारदरबारी पडून होता.

"नाही," ती म्हणाली.

"छान ठेवलंय तुम्ही," असं म्हणत बाईने कागदावर खूण केली, आणि ते दोघे कुंपणापलीकडे गेले.

पुढचं तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. आंटी कोंच्या ओट्यावर काचेच्या बरणीत बांबूचे तीन दांडे होते, शोभेचे. तरुण अधिकाऱ्याने बरणी उजेडात धरली. मग खिशातून पिपेट काढून थोडं पाणी छोट्या बाटलीत घेतलं. आंटी एप्रनला हात पुसत उभ्या होत्या, आणि हात कोरडे झाले तरी पुसतच होत्या.

संध्याकाळी कोंची मुलगी ह्वी लिंग हॉस्पिटलमधून आली. मागच्या दारात तिने आईला जे सुनावलं त्यातलं निम्मं होक्किएन या चिनी बोलीत होतं, निम्मं इंग्रजीत, आणि भिंतीपलीकडे सगळं ऐकू येत होतं. तुला किती वेळा सांगितलं होतं. एक बरणी रिकामी करायला काय लागतं. डॅडींना काही झालं तर. पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. नुसतं दार आपटलं.

मंगळवारी आंटी सकाळपासून पट्टीत बसून घरातली प्रत्येक बादली, तसराळं, कुंडीखालची बशी ब्लीचने घासत होत्या. अनुयाने कुंपणाशी जाऊन विचारलं, "अंकल कसे आहेत?" आंटींनी मान वर केली नाही. त्यांच्या हातांची कातडी बोटांपाशी सोलवटली होती.

"हातमोजे तरी घाला, आंटी."

"तू आत जा," आंटी म्हणाल्या.

बुधवारी सकाळी लिफ्टपाशी कोणीतरी सांगितलं, अंकलच्या प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्यात, हिरड्यांतून रक्त येतंय. ह्वी लिंगने आईला भेटायला येऊ नकोस म्हणून सांगितलंय.

अनुया घरी आली. प्रबोध बुटांच्या नाड्या बांधत होता.

"मी त्यांना सांगणार आहे," ती म्हणाली.

"काय सांगणार? अळ्या त्यांच्याही घरात सापडल्यात."

"आपल्याही होत्या. जास्त होत्या."

"कुठल्या डासाने चावलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, अनु. बस स्टॉपवर चावला असेल, मार्केटात चावला असेल. आपण काय सिद्ध करणार आहोत?"

"सिद्ध नाही करायचं काही. ती बाई तिकडे हात सोलून घेतेय."

"आणि पीआर? अधिकाऱ्याला खोटं सांगितलंस तू. माझ्यासमोर."

"हो. तुझ्यासमोर."

प्रबोधने एक नाडी बांधली, दुसरी तशीच ठेवली. "पाणी मी भरलं होतं," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "सांगायचंच असेल तर मला विचार तरी."

"विचारते आहे."

तशी एक नाडी सुटलेलीच ठेवून तो बाहेर पडला.

अनुयाने आधी नोटिशीवरच्या नंबरला फोन केला. पलीकडच्या माणसाने तिचं म्हणणं दोनदा ऐकून घेतलं, पत्ता लिहून घेतला आणि दंडाची नोटीस येईल असं सांगितलं. त्याला बहुधा असा फोन कधी आला नसावा. मग ती शेजारी गेली.

आंटी दारात उभ्या राहूनच ऐकत होत्या. अनुयाने साध्या इंग्रजीत, तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. ट्रे. तीन आठवडे. अळ्या. रविवारी ओतून टाकल्या. सोमवारी खोटं बोलले. आंटींचा चेहरा हलला नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी आत जाऊन पर्स आणली, चपला घातल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीला सांग. तूच सांग."

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. आंटींनी पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. वीस मिनिटांच्या प्रवासात त्या एकदाच बोलल्या. "ते ट्रे त्यांनी कापून दिलेले."

"हो," अनुया म्हणाली.

वॉर्डबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ह्वी लिंग प्लॅस्टिकच्या खुर्चीवर डोकं मागे टेकून बसली होती. आईला पाहून तिच्या कपाळावर आठी आली. मग तिला अनुया दिसली.

अनुया उभ्यानेच बोलली. या वेळी तिने काही तुकडे केले नाहीत, सरळ सांगितलं, तारखांसकट. ट्रे माझे होते, असं म्हणाली. पाणी कोणी भरलं ते सांगितलं नाही. ह्वी लिंग तिच्याकडे पाहत होती आणि मधेच एक नर्स रक्ताची पिशवी घेऊन त्यांच्यामधून आत गेली.

"म्हणजे तुझ्यामुळे झालं," ह्वी लिंग म्हणाली.

"असेल. मला माहीत नाही. कोणालाच कळणार नाही."

"मग कशाला आलीस? तुला बरं वाटावं म्हणून?"

अनुया आंटींकडे पाहत म्हणाली, "तुम्ही आईला इथे येऊ देत नाही म्हणून."

ह्वी लिंगने तोंड फिरवलं. "प्लीज, तू जा," ती म्हणाली. अनुया वळली. लिफ्टपर्यंत पोचली तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिने मागे पाहिलं. आंटी मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि ह्वी लिंग त्यांचा सोललेला हात उलटा करून पाहत होती.

पुढचे दोन दिवस शेजारून काही कळलं नाही. अनुया फोन वाजला की दचकत होती. जाई शाळेतून आली की आधी भिंतीला कान लावे. "सो क्वाएट," ती म्हणे. गुरुवारी तीच मलय बाई परत आली, ट्रेचे फोटो काढले, अनुयाची सही घेतली. या वेळी तिने 'छान' वगैरे काही म्हटलं नाही. जाताना मात्र दारात थांबून म्हणाली, "खूप लोक सांगत नाहीत."

शुक्रवारी दुपारी प्लेटलेट्स वर चढल्या. बावीस, मग एकोणचाळीस हजार. ही बातमी आणली ती प्रबोधने. तो ऑफिसमधून परस्पर हॉस्पिटलला गेला होता, हे अनुयाला तेव्हाच कळलं.

"अंकल झोपले होते. आंटी होत्या," तो म्हणाला. "त्यांना सांगितलं, पाणी मी भरलं होतं म्हणून."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. संत्री आणायला खाली पाठवलं मला. आणली, दिली, निघालो."

त्याने टाय सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. अनुयाने त्याच्यासमोर चहा ठेवला.

रविवारी सकाळी तिने ट्रे काढायला घेतले. सोनकी आणि कवळ्याला साचलेलं पाणी लागत नाही, ते मातीत राहणार होते. सीतेच्या आसवांना त्याशिवाय जगता येत नाही, आणि या गावात, या वर्षी, ते ठेवणं तिला शक्य नव्हतं. बोंडं अजून हिरवीच होती. बी धरलं नव्हतं, म्हणजे पुढच्या वर्षीसाठीही काही उरणार नव्हतं. तिने काळी पिशवी उघडली आणि पहिला ट्रे तिच्यात उपडा केला.

कुंपणापाशी चप्पल वाजली. आंटी को उभ्या होत्या. दोन्ही हातांना पट्ट्या.

"मंगळवारी घरी येतील," त्या म्हणाल्या.

अनुयाने मान हलवली.

आंटींनी कुंपणावरून पाय टाकला आणि अलीकडे आल्या. उरलेल्या ट्रेंपैकी एकावर वाकून त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला. जांभळ्या फुलांकडे त्या खूप वेळ पाहत राहिल्या.

"एवढंसं," त्या म्हणाल्या. "हे पण टाकणार?"

"हो."

"मी अजून रागावलेली आहे."

"हो, आंटी."

आंटी खाली बसल्या, दुसरा ट्रे पट्ट्या बांधलेल्या हातांनी उचलून घेतला आणि म्हणाल्या, "मग पिशवी नीट धर. सांडतंय सगळं."