न गेलेले रविवार

चंद्रकांतने दाराला कुलूप घातलं आणि वळून पाहिलं, तर अलकावहिनी जिना चढून वर येत होत्या. हातात चार पुडांचा डबा.

"निघालात कुठे?"

"तुमच्याकडेच," तो म्हणाला आणि खुदकन हसला. कुलूप पुन्हा काढलं.

महिनाभर तो बालीगंजला फिरकला नव्हता. बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीत बदली होऊन तो कोलकात्याला आला, तेव्हापासून रविवारचं जेवण तिथे, मित्र प्रभाकर आणि अलकावहिनींच्या घरी, हे ठरलेलं. बाकी आठवडाभर सॉल्ट लेकच्या सरकारी फ्लॅटमध्ये तो आणि भिंती. पण प्रभाकर ज्या खासगी बँकेत मॅनेजर, नेमकी तीच बुडायला आली, आणि तिला वाचवायच्या योजनेचं काम नेमकं चंद्रकांतकडे. त्याने साहेबांना मैत्रीचं सांगून टाकलं. योजना जाहीर होईपर्यंत त्या घरी जाऊ नका, एवढंच साहेब म्हणाले.

चंद्रकांत गेला नाही. आधी पोट बिघडल्याचं सांगितलं, मग पाहुणे आल्याचं. कोलकात्यात, आणि ह्याच्याकडे पाहुणे! बिचाऱ्याला धड थापही मारता येत नव्हती. रविवारी खिचडी टाकायचा आणि ताट तसंच बाजूला सारायचा. पण आपले हात स्वच्छ आहेत, याचं त्याला मनातून बरं वाटे.

शुक्रवारी योजना जाहीर झाली. बँक वाचणार होती, पण तोवर खातेदारांना पैसे काढायला बंदी. आज रविवार, आणि तो मोकळा होता.

वहिनींनी पानात पुरणपोळी वाढली.

"पुरण? आज काय विशेष?"

"तुमचे उपकार फिटायचे नाहीत, भावजी. तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत, तेव्हाच हे म्हणाले, चंद्रकांत उगाच रविवार चुकवणारा नाही, आपल्या बँकेचं काही खरं नाही. लगेच आमच्या ठेवी मोडल्या. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्याही. तोंडाने बोलला नाहीत, पण कळवलंत."

चंद्रकांतचा हात पानातच थांबला.

"आणखी कोणाला सांगितलं?"

"मंडळातल्याच दोन-चार घरांना." त्या जरा घुटमळल्या. "आमच्या खालच्या मजल्यावरच्या घोषबाबूंचे पैसे तेवढे अडकले हो. सगळी पेन्शन तिथेच. खातंही यांनीच उघडून दिलेलं. जिन्यात भेटले की मला मान वर करवत नाही."

त्याने पोळी संपवली, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. असं जेवण आता पुन्हा नाही, हे त्याला कळून चुकलं होतं आणि फार वाईट वाटत होतं.

"वहिनी, उद्या हे मला ऑफिसात सांगावं लागेल."

"काय?"

"प्रभाकरने ठेवी काढल्या ते. आणि त्याला माझ्यामुळे कळलं, तेही."

"यांची नोकरी जाईल."

"माझीही जाईल कदाचित."

"मग कशाला सांगता? कोणी विचारलंय तुम्हाला?"

वहिनी उठल्या, डब्याची पुडं गोळा करून ओट्याशी गेल्या आणि नळ सोडला.

"राहू द्या ना. मी आणून देईन रविवारी."

एरवी डबा इथेच राहायचा. संदेश नाहीतर मिष्टी दोई, असलं काहीतरी बंगाली गोड भरून तोच परत न्यायचा.

"नको," पुडं एकात एक बसवत त्या म्हणाल्या. "रिकामाच नेते."