निजून चालवायची सायकल

दुपारी दोनला नवेगावबांधला प्रफुलचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता आणि साडेबाराला त्याच्या मोटारसायकलची चेन तुटली. घरची मंडळी सकाळीच जीपने गेली होती. अंगठी देव्हाऱ्यात राहिली म्हणून तो एकटाच मागे फिरला होता. आता एकची बस तेवढी उरली होती आणि फाटा होता तीन किलोमीटरवर.

त्याच्या घरासमोरच इंद्रकुमारांचे घर होते. राइस मिलमधले फिटरकाम सोडल्यापासून ते निजून चालवायच्या सायकली बनवत. पाठ टेकायची, पाय पुढे ताणायचे आणि पायडल मारायचे. अंगणात अशा सात होत्या.

"काका, एक सायकल द्या जी. मले बस पकडाची हाये."

"देतो ना. पन पयले पाहून तं घे. हे आरामखुर्चीची. हे न्हाव्याच्या खुर्चीची. हे खाटेची…"

"काका, माहा साक्षगंध हाये!"

"मंग खाटेचीच ने. थकनार नाहीस."

धुळीने कुर्ता खराब होऊ नये म्हणून इंद्रकुमारांनी त्याला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरे धोतर पांघरले. घसरू नये म्हणून छातीवरून सुतळी बांधली. आईने लावलेला टिळा कपाळावर होताच.

फाट्यापर्यंत सगळा उतार. पायडल मारायची गरजच पडेना. प्रफुलने धुळीपायी डोळे मिटले आणि हात ब्रेकवर ठेवला.

तेंदूच्या पानांची ओझी घेऊन चाललेल्या बाया थांबल्या. त्यांनी हात जोडले.

"कोनाचा व माय?"

"जवानच होता बिचारा."

चार पावले तरी सोबत करायची, ही तिथली रीत. आधी चौघे मागे लागले, मग वीस. प्रेत फार घाईत असल्याने मंडळी पळत होती.

बस फाट्यावरून निघाली होती. ड्रायव्हरने समोरून येणारे पाय पाहिले, बस कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि हात जोडले. प्रफुलने ब्रेक दाबला आणि तो उठला. सुतळीमुळे अर्धाच.

"थांबा जी, मीबी येतो!"

"काऊन जी, मेले नाही का तुमी?" कंडक्टरने जरा रागानेच विचारले.

"नाही जी. एक नवेगावबांध द्या."

कोणीतरी सुतळी कापली, तरी एक तुकडा कुर्त्याच्या गुंडीत अडकून राहिला. प्रफुल चढताच मागचे बाकडे आपोआप रिकामे झाले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केले आणि लगेच बंद केले. उतारावरून न्हाव्याची खुर्ची येत होती, पाय पुढे. आपली सायकल परत न्यायला इंद्रकुमार निघाले होते.

"ते जित्ते हायेत! चाला ना जी!" प्रफुल ओरडला.

"येऊ द्या ना," ड्रायव्हर हात जोडूनच म्हणाला. "तेबी उठून तिकीट मांगतीन."

बस नवेगावबांधला पोचली तेव्हा दोनला पाच कमी होते. अंगठी घालायला नवरीने, मंजूने, बोट पुढे केले आणि ती थबकली.

"छातीवर हे सुतळी कायची जी?"

"सांगतो," प्रफुल म्हणाला. "पन पयले अंगठी घालून घे."