दुसरी किल्ली

सिंगापूरच्या जुरोंग ईस्टमधल्या एका उंच इमारतीत तीन टेबलांचे आणि एका कुंडीचे एक कार्यालय होते, आणि ते रोज सकाळी उघडत असे ते सांगलीतून. प्रणिता संगणक सुरू करी, पासवर्ड टाकी, आणि मग पडद्यावर ती नम्र सूचना उमटे: आपल्या फोनवर पाठवलेला कोड लिहा. तो फोन तिच्यापाशी नव्हता. तो सांगलीत, विश्रामबागेतल्या एका छोट्या फ्लॅटमध्ये चहाच्या कपाशेजारी ठेवलेला असे, आणि त्याच्यासमोर तिचे वडील दीनानाथ अंघोळ उरकून, चष्मा पुसून, एखाद्या सुनावणीला बसावे तसे बसलेले असत.

"आला का, बाबा?"

"आला की. लिहून घे."

ते सावकाश एकेक अंक सांगत. ती टाइप करी. दार उघडे.

"झालं. ठेवते हं."

"ठेव, ठेव. कामं असतील."

एवढेच संभाषण. वर्षानुवर्षे ते एवढेच होते, आणि दोघांपैकी कोणीही त्याला दुसरे काही नाव दिले नव्हते.

ही व्यवस्था कोणी योजून केली नव्हती. विद्वानांच्या जाडजूड ग्रंथांना शेवटी जी विषयसूची लागते ती करून देण्याचा हा व्यवसाय प्रणिताने सांगलीच्या एका मुक्कामात सुरू केला. आई नुकतीच गेली होती आणि वडिलांपाशी चार दिवस राहणे भाग होते. व्यवसायाचे खाते उघडताना तिथलाच नंबर दिला. परत निघताना सिमकार्ड वडिलांच्या फोनमध्ये राहिले. नंबर बदलायचा म्हणून राहिला तो राहिलाच. आळसाला माया म्हणण्याची सोय आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे; प्रणितानेही ती वापरली.

दीनानाथांनी मात्र या योगायोगाला पदाची प्रतिष्ठा दिली. आयुष्यभर ते तासगावच्या उपकोषागारात नोकरीला होते. तिथल्या तिजोरीच्या खोलीला दोन कुलुपे, दोन किल्ल्या, आणि त्या दोन निरनिराळ्या माणसांपाशी. एकट्याने कोणी उघडायचे म्हटले तर उघडणार नाही. लेकीने पहिल्यांदा हा प्रकार समजावून सांगितला तेव्हा ते खूश होऊन म्हणाले होते, "म्हणजे डबल लॉकच की गं! एक किल्ली तुझ्याकडं, एक माझ्याकडं." त्या दिवसापासून ते फोन घरात ठेवून भाजीलासुद्धा जाईनासे झाले. बिल्डिंगमध्ये सांगत, "सिंगापूरचं ऑफिस माझ्याशिवाय उघडत नाही." लोकांना ती थाप वाटे. ते अक्षरशः खरे होते.

आणि प्रणिताने? तिने तिच्या फोनमध्ये त्यांचे नाव बदलले. पूर्वी नुसते 'बाबा' होते. घाईत शोधायला बरे पडावे म्हणून तिने 'बाबा ओटीपी' केले. सूचीकाराची सवयच ती: नोंद कशासाठी लागते ते नोंदीतच दिसले पाहिजे.

चोर शिरला तो याच नोंदीतून.

आधी त्याने तिची ईमेल उघडली. तिला दुसरे कुलूप नव्हते, आणि पासवर्ड तोच होता जो तिने कधीतरी पडद्यांचे कापड विकणाऱ्या एका संकेतस्थळावर वापरला होता. तिथे पत्त्यांच्या यादीत त्याला 'बाबा ओटीपी' सापडले. तिजोरीवरच 'किल्ली शेजाऱ्याकडे आहे' असे लिहून ठेवण्याचा प्रकार. त्याने सांगलीला फोन केला, एकदा नव्हे, काही वेळा. शेवटच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी प्रणिताला तिच्या सगळ्या फायली बंद सापडल्या. प्रत्येकीवर एकच मजकूर होता, खंडणीचा, आणि त्याचे व्याकरण निर्दोष होते.

तिने खंडणी दिली नाही. तिच्या टॅम्पिनीसच्या घरी कपाटात जुनी प्रत असलेली एक हार्ड डिस्क होती. तिच्यावरून बरेचसे काम परत उभे राहिले. अर्धी झालेली एक मोठी सूची मात्र गेली. ज्या प्रकाशकाची ती होती, त्याने शोकसंदेशाच्या भाषेत कळवले की सुरक्षेचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत पुढचे काम स्थगित राहील. त्या प्रकाशकाच्या कामावाचून कार्यालय चालणे कठीण होते.

ते प्रमाणपत्र मिळवून देण्यासाठी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीतून रुचिर आला. पुण्याचा, हुशार, अतिशय सभ्य. त्याने संगणक तपासले, प्रती कुठे ठेवता ते विचारले, आग लागली तर, पाणी शिरले तर, वीज गेली तर, असे सर्व प्रलय एकेक करून टेबलावर मांडले. मग त्याने घसा साफ केला.

"ताई, मुख्य प्रॉब्लेम काका आहेत."

"बाबा?"

"म्हणजे पर्सनली नाही हो. पण सगळं ऑफिस एका माणसाच्या फोनवर अडकलंय. याला आम्ही सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. उद्या काका अव्हेलेबल नसले तर?"

हजार विद्वानांचे ग्रंथ प्रणिताच्या हाताखालून गेले होते; मरणाला निर्वाण म्हणणारे, कैवल्य म्हणणारे, नुसते अभाव म्हणणारे. 'अव्हेलेबल नसणे' ही व्याख्या तिने प्रथमच ऐकली, आणि ती इतकी बिनचूक होती की चिडायलाही फट नव्हती.

"काढून टाका," ती म्हणाली.

"कोड आता तुमच्याच फोनवर ॲपमध्ये येईल. कुणाला विचारायलाच नको." रुचिर मनापासून म्हणाला. ही त्याला सुखाची कल्पना वाटत होती.

त्याआधी तिने एकच गोष्ट केली होती. सांगलीला फोन लावून, आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारले होते, "बाबा, मध्ये कुणाला कोड दिला होतात का?"

"दिला की. तुझ्या ऑफिसातला तो पोरगा. अनिमेष. गोड मुलगा. हिंदीत बोलत होता, पण 'काका' मात्र आपल्यासारखं म्हणायचा. बराच वेळ बोलला गं. तू कामात होतीस म्हणाला." मग त्यांनी विचारले, "का? काही झालं का?"

"नाही. सहज."

अनिमेष नावाचे कार्यालयात कोणी नव्हते. बराच वेळ बोलला, हे शब्द मात्र तिच्या कानात राहिले. गुन्हेगाराने तिच्या वडिलांना जितका वेळ दिला होता तितका तिने कधी दिला होता, हे तिला आठवेना. त्याच्या धंद्याची ती गरज होती, हे खरे. पण तिच्या धंद्याची ती नव्हती, हेही खरेच.

नव्या व्यवस्थेच्या पहिल्या सकाळी तिने ॲप उघडले, अंक वाचले, दार उघडले. सारे इतके झटपट आटोपले की कॉफीला हातही लागला नव्हता. फोन करायला काही कारण उरले नव्हते. आणि कारणावाचून फोन करायचा म्हणजे बोलायचे काय, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हते. तिने फोन हातात घेतला, 'बाबा ओटीपी' असे वाचले, आणि खाली ठेवला. तिकडे चहा निवत असणार. ते स्वतः फोन करणार नाहीत. ऑफिसच्या वेळात लेकीला त्रास द्यायचा नाही हा त्यांचा नियम होता, आणि नियमांची त्यांनी जन्मभर राखण केली होती.

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. त्यानंतरच्या दिवशीही.

संध्याकाळी टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये जेवताना ती गप्प होती. गार्गीने, तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीने, हळूहळू सगळे काढून घेतले आणि मग भाताचा घास थांबवून ती आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "सिंपल लाह, आई. एक डमी अकाउंट काढ. आत काही ठेवू नको. आजोबांच्या नंबरवर कोड जाऊ दे, तू कॉल कर, ते वाचतील. ही वोन्ट नो."

"फसवायचं त्यांना?"

"ऑलरेडी कॉलच करत नाहीस, ते बेटर आहे का?"

पुढच्या पिढीला मराठी येत नाही अशी ओरड प्रणिता नेहमी करीत असे. जेवढी येत होती तेवढी पुरेशी होती.

तिने खाते काढले. आत काहीही नव्हते. चार भिंती, छप्पर, आणि भक्कम दुहेरी कुलूप. नसलेल्या ऐवजाचे इतके चोख रक्षण इतिहासात झाले असेल, तर ते फक्त साम्राज्यांनी केले असेल. सकाळी कार्यालयात, सहकारी यायच्या आत, तिने कोड मागवला आणि फोन लावला. पहिल्या घंटेलाच उचलला गेला.

"बाबा, आला का?"

"आलाय."

"सांगा."

"नाही सांगणार."

तिला वाटले, ऐकण्यात चूक झाली. "अहो बाबा, कोड—"

"आधी तू प्रणिताच कशावरून?"

"बाबा! माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही?"

"आवाजाचं काय सांगू नकोस. वरच्या मजल्यावरचा प्रमोद म्हणतो, आता आवाजसुद्धा बनवतात. मी प्रमोदला सगळं सांगितलं. त्यानं सांगितलं मग मला, काय झालं असेल ते. तू तर काही सांगितलं नाहीस." आवाज कडक नव्हता. हिशेब मिटवताना कारकुनाचा असतो तसा सपाट होता. "किल्ली मी चोराच्या हातात दिली. तासगावला असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी चार्ज काढून घेतला असता माझा. तू तो काढलासही, माझ्या लक्षात आलं. तीन दिवस कोड नाही. मग आज कशाला? म्हणून विचारतो. प्रश्न विचारायचा, उत्तर बरोबर आलं तरच किल्ली. आपल्याकडं हे आधीच असायला पाहिजे होतं."

"विचारा," प्रणिता म्हणाली.

"माझ्या कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं?"

खिडकीखालून एमआरटीची, म्हणजे मेट्रोची, गाडी वळणावर आवाज न करता निघून गेली. प्रणिताला आठवले: मध्यंतरी काही महिने ते अंक चुकवत होते. तीनचा आठ करीत. दार उघडत नसे, आणि ती म्हणे, "बाबा, नीट बघून सांगा हो, मला मीटिंग आहे." मग एके दिवसापासून ते एकही अंक चुकेनासे झाले. तिला बरे वाटले होते. कामात सुधारणा झाली, एवढेच तिने नोंदवले होते. कशामुळे, हे विचारले नव्हते.

"उजव्या," ती म्हणाली.

"डाव्या," दीनानाथ म्हणाले, आणि मग ते हसले. हसू थकलेले, पण अगदी खरेखुरे. "चुकलीस. म्हणजे तूच. तो असता तर उत्तर बरोबर आलं असतं. त्याला सांगितलं होतं मी."

"मला का नाही सांगितलंत?"

"कधी सांगणार, बाळा? अंक सांगून व्हायच्या आत तू ठेवते म्हणायचीस. मोतीबिंदूच तर होता. प्रमोद घेऊन गेला, घेऊन आला. तुझी कामं असतात." मग जरा संकोचून, "तो विचारायचा गं. काका, डोळा कसा आहे, ड्रॉप घालता का नीट, असं. मला कळायला पाहिजे होतं. एवढं आपुलकीनं कोण विचारतं फुकट?"

या वाक्यात टोमणा नव्हता. असता तर सोपे गेले असते. टोमण्याला उत्तर देता येते.

प्रणिताने पडद्याकडे पाहिले. रिकामे खाते कोडची वाट पाहत होते. मुदत संपत आल्याची सूचना लाल अक्षरांत लुकलुकत होती. तिने ती संपू दिली.

"बाबा, त्या अकाउंटमध्ये काही नाही. मी ते खोटंच काढलंय. तुम्हाला फोन करायला काहीतरी हवं म्हणून."

"हां," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं. रिकाम्या खोलीला दोन कुलपं कोण लावतं." मग ते पुढे म्हणाले, "मग काढून टाक ते. फुकट माझं काम वाढवू नकोस. मी रिटायर माणूस."

"काढते."

"ठेवू का आता? तुझं ऑफिस उघडायचं असेल."

कार्यालय केव्हाच उघडले होते. त्याला आता सांगलीची गरज नव्हती. आगीची, पाण्याची, विजेची, चोरांची सगळी तरतूद झाली होती, प्रमाणपत्र आठवड्याभरात मिळणार होते, आणि त्यात कुठेही त्यांचे नाव येणार नव्हते. दारातून एक सहकारी आत डोकावली. प्रणिताने हाताने तिला थांब म्हणून खूण केली आणि दार लावून घेतले.

"नका ठेवू. बाबा, त्या अनिमेषला काय काय सांगितलंत तुम्ही?"

"कोड सांगितला. तेच तर चुकलं."

"कोडच्या आधी."

"आधी? छे, ते काय, इकडचं तिकडचं. म्हातारपणाचं. तुझ्या आईचं थोडं. दुपारी झोप येत नाही ते. त्याचा काय उपयोग?"

"मला सांगा."

"सगळं?"

"त्याला जेवढं सांगितलंत, तेवढं सगळं."

पलीकडे कप सरकवल्याचा आवाज आला, खुर्ची पुढे ओढल्याचा. दीनानाथांनी चष्मा काढून पुसला असावा. ते नेहमी पुसत. आता वाचायला समोर काही नव्हते.

"मग ऐक," ते म्हणाले. "पण मध्ये ठेवते म्हणायचं नाही. तो म्हणाला नव्हता."