रेवाची शेवटची काच

मित्रांनो, मी जुना आहे, हे तुम्ही मला सांगायला नको. पत्रा गंजला आहे, धुराडं वाकलं आहे, भिंगावर एक चरा आहे. पण मला कोणी डबा म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी जादूचा कंदील आहे. माझ्या पोटात रॉकेलचा दिवा लावायचा आणि पुढच्या खाचेत रंगवलेली काच सरकवायची. मग समोरच्या चादरीवर ते चित्र माणसाहून मोठं होऊन उभं राहतं.

नागपूरच्या एका पत्रेवाल्यानं मला घडवलं. पहिली दहा वर्षं मी वर्धा जिल्ह्यात गावोगाव फिरून लोकांना खरूज दाखवली, नारू दाखवला, सडलेले दात दाखवले. पोरं डोळे मिटून घ्यायची. साहेब लोक कौतुकानं म्हणत, मोठी उपयोगी वस्तू आहे. असल्या कौतुकाचं काय करायचं? पुढे माझी गरज संपली आणि मी समुद्रपूरच्या मुलींच्या शाळेत एका कपाटावर जाऊन पडलो. माझ्या धुराड्यात चिमणीनं घरटं केलं. तेवढाच माझा उपयोग उरला होता.

१९५५ सालच्या उन्हाळ्यात त्या शाळेच्या शरयूबाईंनी मला खाली उतरवलं. बाईंनी मुलामुलींसाठी एक कादंबरी लिहिली होती. शंभर वर्षांनंतरचं एक नगर. तिथे पंधरावं वरीस लागलं की प्रत्येक मुलाच्या डोळ्यांना झापडं बांधायची, घाण्याच्या बैलाला बांधतात तशी. समोरचा रस्ता तेवढा दिसावा, बाजूचं काही दिसू नये. सगळे मुकाट्यानं मान वाकवतात आणि बांधून घेतात. रेवा नावाची मुलगी मात्र राजासमोर मान वाकवत नाही. तिथेच गोष्ट संपते.

शाळेतल्या मुली पुस्तक वाचायच्या, पण त्यांच्या आयांना वाचता येत नव्हतं. बाईंचा जीव अडकला होता तो या आयांमध्ये. म्हणून त्यांनी ठरवलं, कादंबरी पडद्यावर आणायची.

दोनशे पानांच्या चोवीस काचा करायच्या होत्या. चित्रं काढायला जंगू आला. तो गोंड, पिपरीकडचा. घरांच्या भिंती आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याला अक्षर येत नव्हतं. बाई वाचून दाखवायच्या, तो बिडी विझवून ऐकायचा.

"बाई, ह्या राजाचं तोंड कसं हाये?" त्यानं एकदा विचारलं.

बाईंनी राजाच्या चेहऱ्यावर लिहिलेली तीन पानं मोठ्या हौसेनं वाचली.

"तीन पानं लिवून तुमालेच त्याचं तोंड सापडलं नाई," जंगू म्हणाला. "मी त्याची पाठच काढतो. पाठीले लोक जास्त भेतेत."

बाई दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती तीन पानं स्वतःच्या हातानं खोडली. मित्रांनो, खरं सांगतो, त्या पाठीतून पहिल्यांदा उजेड गेला तेव्हा मलासुद्धा कापरं भरलं.

खेळासाठी अंधार हवा होता. कापसाचा हंगाम संपल्यामुळे भैयाजींचं गोदाम रिकामं होतं. दारं लावली की भर दुपारी आत काळोख. भैयाजी गावातले बडे असामी, शिवाय शाळेच्या कमिटीत. खेळाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या काचा पाहिल्या आणि शेवटच्या काचेवर त्यांचं बोट थांबलं. तिच्यावर रेवा होती, ताठ मानेनं उभी.

"हे बदला, बाई. पोरीनं मान वाकवली असं दाखवा. उद्या आमच्या पोरी हे पाहून घरात उलटून बोलतीन, मंग?"

"भैयाजी, मी गोष्ट त्याचसाठी लिहिली आहे," बाई म्हणाल्या.

"कमिटीत मी हाये, हे ध्यानात ठेवजा."

बाईंच्या नोकरीवर त्यांची आई आणि धाकटा भाऊ जगत होते. हे भैयाजींना ठाऊक होतं. बाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी मान हलवली ती नकारार्थीच. तेव्हा भैयाजींनी ती काच उचलली, दगडी उंबऱ्यावर आपटली आणि म्हणाले, "आता दाखवा."

दुसऱ्या दिवशी गोदाम खच्चून भरलं. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. बाई गोष्ट सांगत होत्या, जंगू काचा सरकवत होता, भैयाजी पुढच्या खुर्चीत निवांत बसले होते. तेविसावी काच आली. शिपाई झापडं घेऊन रेवाकडे निघाले. मग जंगूनं ती काढली, आणि त्याच्यापाशी पुढे घालायला काही नव्हतं.

चादरीवर नुसता पांढरा उजेड पडला. बाईंनी पुढच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि गोष्ट तिथेच थांबली. बायका कुजबुजल्या, "मंग काय झालं? बांधली का तिनं झापडं?"

एवढ्यात जंगूची लेक जिजा उठली आणि माझ्या उजेडात येऊन उभी राहिली. तिची सावली चादरभर पसरली. तिनं मान ताठ केली.

"मी नाई बांधत," ती म्हणाली. "काऊन बांधू?"

मग दुसरी मुलगी उठली, तिसरी उठली. चादर डोक्यांनी भरून गेली, आणि एकही डोकं खाली नव्हतं.

"विझवा तो कंदील!" भैयाजी ओरडले. कोणी हलेना, तेव्हा स्वतःच धावले आणि त्यांनी माझा तापलेला पत्रा उघड्या हातानं धरला. मी त्यांना पोळलं. चांगलंच पोळलं, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. हात झटकत ते जे बाहेर पडले ते परत आले नाहीत, आणि मी रॉकेल संपेपर्यंत जळत राहिलो.

महिन्याभरात बाईंची नोकरी गेली. फार हाल झाले त्यांचे. शिकवण्या करून त्यांनी घर चालवलं, पण रविवारी मला पोत्यात गुंडाळून त्या प्रवासी मोटारीनं गावोगाव जात. जंगू म्हणाला, "बाई, शेवटची काच पुन्हा काढून देतो." बाई म्हणाल्या, "राहू दे." जाम गावी खेळ झाला तेव्हा उजेडात कोणी मुलगी आली नाही. आली सत्तरीची रामबाई, काठी टेकत. तिच्यानं पाठ सरळ होत नव्हती. तिनं कष्टानं नुसती हनुवटी वर केली आणि म्हणाली, "मले लई उशीर झाला, पन मी बी नाई बांधत." त्या दिवशी बाई सगळ्यांदेखत रडल्या.

आता मी पुन्हा एका कपाटावर आहे. मित्रांनो, मला भंगारात घालू नका. भिंग मऊ फडक्यानं पुसा, काजळी काढा, वात नवी घाला. मला पूजेत ठेवू नका, काचेच्या कपाटात तर मुळीच नको. त्यानं माझा जीव गुदमरेल. एकदा पेटवा मला. तेविसाव्या काचेनंतर अजूनही काही नाही. तिथे कोणीतरी उठून यावं लागतं, आणि ते मला करता येत नाही.