तांड्याच्या वाटेवरची पाणपोई

तुळसाबाईचं डोकं तापलं होतं, आणि ते काही नुसत्या उन्हानं नव्हे. अठ्ठावन्न सालचा वैशाख. पांढरकवड्याच्या सडकेवरून अनवाणी माणूस उड्या मारत चालायचा, आणि अशा उन्हात ख्रिस्ती मंडळीनं थाटलेल्या पाणपोईवर बंजाऱ्यांच्या तांड्याचं एक माणूस पाण्याला थांबत नव्हतं. थाट काही कमी नव्हता. कपाशीच्या पऱ्हाटीचा कूड, वर पळसाचे डहाळे, आत ओल्या वाळूत बसवलेले दोन रांजण आणि बाहेर जनावरांसाठी दगडी डोण. बैलांची चैन होती. तांड्याचे लोक गाड्या थांबवायचे, बैलांना पोटभर पाजायचे आणि स्वतः कोरड्या घशानं बाजाराकडे निघून जायचे.

"आता बैलांचाच बाप्तिस्मा करायचा राहिला," बाबाराव गुरुजी रविवारी उपासना सुटल्यावर म्हणाले, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. लोक हसले. तुळसाबाई हसली नाही.

हसणार कशी? पाणपोईची कल्पना तिची होती. होळीच्या आधी मंडळीची सभा भरली होती आणि पाळक किसनरावांनी साधाच प्रश्न टाकला होता: आपण दर रविवारी जमतो, गातो, घरी जातो; पण आसपासच्या माणसांना आपला उपयोग काय? कोणी म्हणालं, भोंगा आणा, बाजारात भजनं लावू. गुरुजींना पत्रकं छापायची होती. छापील अक्षराचा त्यांना भारी सोस. तेव्हा मागच्या चटईवरून तुळसाबाई उठली. मिशनच्या दवाखान्यात उमर घालवलेली विधवा बाई, बोलायला लागली की समोरच्यानं मान खाली घालावी.

"भोंगा आयकून तहान भागते का कोनाची?" ती म्हणाली. "तांड्यावरून बाजाराले येनाऱ्याले वाटंत पान्याचा थेंब नाही. आधी पाणी पाजा, मंग प्रभूचं नाव सांगा. बसाले मी बसीन."

किसनरावांचा चेहरा खुलला आणि गुरुजींची पत्रकं बारगळली. गुरुजींनी ते लक्षात ठेवलं होतं.

आता कोणीच पीत नव्हतं असं नाही. दीड वर्षामागं दीक्षा घेतलेले बौद्ध वस्तीतले लोक येता-जाता प्यायचे, जयभीम करायचे, तुळसाबाईची चौकशी करायचे. पण त्यांची वस्ती हाकेवर. घरी जाऊन प्यायलाही त्यांना कितीसा वेळ लागणार? पाणपोई घातली होती ती तांड्यासाठी, आणि तांडा तोंड फिरवून जात होता.

"यात कोडं कसलं?" गुरुजी पुढच्या सभेत म्हणाले. "जात आडवी येते. आपल्या हातचं ते पिणार नाहीत. मोटारस्टँडवरच्या देवीलालला बसवा. त्याची भजी सगळा मुलूख खातो, पाणीही पिईल. माणसाची तहान भागणं महत्त्वाचं, ती कोणाच्या हातानं भागते हे नव्हे."

बोलणं बिनतोड होतं, म्हणूनच तुळसाबाईच्या जास्त जिव्हारी लागलं. "मंग मंडळीबी देवीलालच्याच नावानं चालवा!" ती म्हणाली. नवरा गेल्यावर, दवाखाना सुटल्यावर, ही पाणपोई एवढी एकच गोष्ट तिची म्हणून उरली होती. तिथं देवीलाल बसला, तर तिचे हात पाणी पाजायच्या लायकीचे नाहीत असाच त्याचा अर्थ. आणि ते दुसऱ्या कोणी नाही, तिच्याच मंडळीनं म्हटल्यासारखं होणार होतं.

किसनराव भला माणूस. त्यांची अडचण एकच, त्यांना सगळ्यांचंच पटायचं. "पुढच्या बाजारापर्यंत वाट पाहू," ते म्हणाले. "तोवर तांड्याचं कोणी प्यायलं नाही, तर देवीलालला बोलवू."

तुळसाबाई वाट पाहणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्याच दिवशी तांड्याची जमनी डोक्यावर मोळी घेऊन येताना दिसली, तशी ही सडकेच्या मधोमध उभी राहिली.

"जमने, खरं सांग. माह्या हाताले का काटे हायेत?"

जमनी थबकली. घामानं चिंब, ओठ सुकून पांढरे. तिनं रांजणाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"काटे नाही बाई. नायकाचा शबूद हाये."

"कायचा शबूद?"

"तुमी दर बुधवारी आमच्या तांड्यात येता का नाही? गाने म्हनता, पोरायले औषध देता. मी सोता तुमाले लोटा भरून देल्ला. एकडाव नाही, दरडाव. तुमी काय केलं? हात जोडले, नको म्हनलं, न् खांद्यावरची थे छागल काढून आपलं आपलं पाणी पेल्ले. माही सासू म्हने, लय मोठे लोक दिसतेत. हिरासिंग नायक म्हने, जो आपलं पाणी पेत नाही, त्याचं आपन पेवाचं नाही. बैल मुकं हाये, त्याले पेऊ द्या."

"अवो, थे उकळेल पाणी होतं!" तुळसाबाई ओरडलीच. "पटकी आलती ना, दवाखान्यातल्या डाक्टरबाईनं सांगतलं होतं—"

"आमाले कोन सांगतलं?" जमनी म्हणाली, मोळी सावरून घेतली आणि चालू लागली.

तुळसाबाई सडकेच्या कडेला बसली. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. ती तिनंच शिवली होती. पटकीच्या साली मंडळीच्या एकेकाला दम भरून तिनंच सांगितलं होतं की, गावोगाव फिराल तर परक्या घरचं कच्चं पाणी तोंडाला लावायचं नाही. किसनरावांनी एकदा लोट्याकडे हात नेला होता, तर हिनं डोळे वटारले होते. स्वच्छतेचा केवढा अभिमान तिला! आणि तांड्यात, जिथं पाहुण्याला आधी पाणी आणि मग रामराम, तिथं ही माणसं वर्षानुवर्षं लोटा परत करत आली होती. जन्मभर ज्यांच्या हातचं पाणी लोकांनी नाकारलं, त्यांच्याच पोटची ती. तो घाव तिला पाठ होता, आणि तोच तिनं दुसऱ्याला दिला होता. तिला इतकी लाज वाटली की डोळ्यांवर पदर घेऊन ती तिथंच बसून राहिली.

मग उठली आणि थेट पाळकांच्या ओट्यावर गेली. किसनराव सायकलचं पंक्चर काढत होते. सगळं ऐकून त्यांनी हातातली ट्यूब खाली ठेवली.

"प्रभू विहिरीवर बसला आणि परजातीच्या बाईला त्यानं पाणी मागितलं," ते म्हणाले. "किती वेळा सांगितलं असेल मी हे. आणि आपण? द्यायला सदा पुढं. मागायचं कधी सुचलंच नाही."

"थे प्रवचन रविवारी सांगा," तुळसाबाई म्हणाली. "बुधवारी मले तांड्यात घेऊन चला."

बुधवारी ती दोघं निघाली ती मुद्दाम ऊन चढल्यावर, आणि बिनपाण्याची. खोटी तहान घेऊन जायचं नाही, असं तुळसाबाईनं बजावलं होतं. टेकडी चढेस्तोवर तिची जीभ टाळूला चिकटली. पाळकसाहेब तर दगडावर दोनदा बसले.

तांड्याचा म्होरक्या हिरासिंग नायक मोहाच्या झाडाच्या सावलीत दोर वळत होता. पांढरा फेटा, पांढऱ्या मिशा. त्यानं मान हलवली. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. बाया दारांतून पाहू लागल्या. एरवी किसनराव आल्या-आल्या झोळीतून गाण्यांची पुस्तकं काढायचे. आज झोळीच नव्हती.

"नायक," तुळसाबाई म्हणाली. "लय तहान लागली. पाणी द्या."

दोर वळणारे हात थांबले. "तुमची पिशवी कुठं गेली?"

"घरी हाये. माही चूक झाली. तुमाले हलकं समजून नाही हो, बिमारीच्या भेवानं आमी पेत नव्हतो. पन समजून सांगतलं नाही, थे चुकलंच."

एक म्हातारी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, काहीतरी पुटपुटली. आपल्या आज्या-पणज्याची जात काढली असणार, तिच्या सुरावरून तुळसाबाईनं ओळखलं. आता लोटा आलाच नाही तर? तर नायकाच्या बाजूनं न्यायच झाला म्हणायचा, हेही तिला कळत होतं.

नायकानं म्हातारीकडे पाहिलं, मग जमनीकडे. "बाईले पाणी दे," तो म्हणाला.

लोटा आला. नाल्याच्या झिऱ्यातलं पाणी, गढूळसर, तळाशी बारीक रेती. दवाखान्यात असती तर तुळसाबाईनं ते फरशी पुसायलाही घेतलं नसतं. तिनं लोटा वर केला आणि घटाघटा रिकामा केला. मग तोंड पुसलं आणि लोटा पुन्हा पुढं धरला.

"अजून दे व जमने."

जमनी फसकन हसली, आणि दारातल्या बायाही हसल्या. नायक मिशीत हसला. किसनरावांनी तर पाणी पिता पिता अर्धं सदऱ्यावर सांडलं.

"आज काही सांगत नाही का पाळक?" नायकानं विचारलं.

"आज नाही," किसनराव म्हणाले. "आज तुम्ही सांगा." आणि नायकानं सांगितलं. त्याच्या आज्याचे ओझी वाहणारे लदेणीचे बैल, मिठाच्या गोण्या, वाटा, मुक्काम. सावली सरकून दुसरीकडे गेली तरी सांगतच होता. झिऱ्याभोवती दगड रचून घ्यायचं आणि पाणी उकळून प्यायचं तुळसाबाईनं सांगितलं तेव्हा बायांनी ते ऐकूनही घेतलं.

पुढं तुळसाबाईचं पोट दोन दिवस बिघडलं. तिनं त्याचं खापर गुरुजींच्या घरच्या वांग्याच्या भाजीवर फोडलं.

बाजाराच्या दिवशी बाबाराव गुरुजी ठरल्याप्रमाणे देवीलालला घेऊन हजर झाले. देवीलालच्या खांद्यावर धुतलेला गमछा, हातात स्वतःचा घासलेला लोटा. तुळसाबाई ओगराळं घेऊन रांजणाशी उभी राहिली. जागची हलली नाही. तेवढ्यात तांड्याच्या गाड्या आल्या. पुढची गाडी नायकाची. त्यानं बैल डोणीवर सोडले आणि तो सरळ पाणपोईत येऊन उकिडवा बसला.

"पाज याडी," त्यानं ओंजळ तोंडाशी धरली.

याडी म्हणजे आई. तुळसाबाईनं घाईत ओतलेलं पहिलं ओगराळं नायकाच्या मिशांवरच गेलं. मग धार नीट लागली. नायक प्यायला, मागून जमनी, जमनीची सासू, पोरं, गाडीवान. पुटपुटणारी म्हातारी तेवढी गाडीतच बसून राहिली. एक रांजण बघता बघता तळाला गेला. गुरुजी चष्मा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता.

"मग मी काय करू?" देवीलालनं विचारलं. सकाळपासून भट्टी सोडून आलेला, उन्हानं लालबुंद झालेला माणूस.

"तू उभा काहून राह्यला?" तुळसाबाई म्हणाली. "घसा तुलेबी हाये. बस, पे."

देवीलालनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी दुसरीकडे पाहू लागले. त्यानं सडकेवर मागं-पुढं पाहिलं. बाजाराला जाणारी त्याची गिऱ्हाइकं ओळीनं चालली होती. मग त्यानं आपला लोटा खाली ठेवला, गमछा कमरेला बांधला आणि वाकून ओंजळ पुढं केली.